आई-वडील नसलेल्या मुलाचा शाळाप्रवेश : आधी वर्ग, मग कागद

आई-वडील गेल्यावर मूल पुण्यात मामाकडे किंवा आजीकडे राहायला आलं, की घरातली माणसं पहिल्यांदा दाखल्यांच्या मागे लागतात. सगळे कागद जमले की शाळेत घालू, असा हिशोब असतो आणि त्यात वर्ष जातं. खरं तर वर्गात बसायला फारसं काही लागत नाही. कागद लागतात ते खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठी आणि बाल संगोपन योजनेच्या दरमहाच्या अनुदानासाठी. शिवाय अनुदानाच्या अर्जाला शाळेचं बोनाफाइड (मूल तिथे शिकत असल्याचा दाखला) जोडायचं असतं, म्हणजे शाळा आधी हवीच.

सहा ते चौदा वयाचं मूल असेल तर जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना थेट भेटा. शिक्षणहक्क कायदा 2009 चं कलम 14 सांगतं, की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तर कलम 5 प्रमाणे तेही कारण चालत नाही. वर्षाच्या मधे आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. नऊ वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात घालायचं आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा, हे कलम 4. ‘कागद घेऊन नंतर या’ असं उत्तर मिळालं तर नकार लेखी मागा. बहुतेकदा तिथेच वाट निघते.

खासगी शाळेत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचं गणित वेगळं. तो अर्ज फक्त ऑनलाइन, आणि प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच. पहिलीसाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत आणि कमाल वयाचीही अट आहे. तेव्हा मोठ्या मुलासाठी या दारात वेळ घालवू नका. शाळा जूनमध्ये उघडत असली तरी अर्जाची मुदत फार आधी येते. 2025-26 साठी अर्ज 14 जानेवारी 2025 पासूनच घेतले गेले.

अनाथ मूल ‘वंचित गटा’त मोडतं, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अनेक नातेवाईक ‘दुर्बल घटक’ निवडतात, मग एक लाखाच्या आतला उत्पन्न दाखला मागितला जातो आणि विनाकारण तहसील कार्यालयाच्या फेऱ्या होतात. मूल अनाथालयासारख्या संस्थेत असेल तर संस्थेची कागदपत्रं, घरी असेल तर सांभाळणाऱ्या पालकाचं हमीपत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, त्यामुळे पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगणाऱ्या एजंटाला नमस्कार करावा.

फक्त वडील किंवा फक्त आई गेलेली असेल तर मूल या अर्जात आपोआप अनाथ ठरत नाही. जात किंवा इतर निकष लागू नसतील तर दुर्बल घटकातून अर्ज करावा लागतो आणि तिथे उत्पन्नाचा दाखला हवाच.

अर्ज सर्वाधिक अडकतो तो पत्त्यावर. पुरावा सांभाळणाऱ्याच्या घराचा लागतो. भाड्याची खोली असेल तर भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला आणि अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा. घरमालकाने साध्या कागदावर लिहून दिलेलं पडताळणी समिती मान्य करत नाही. नकाशावरचं घराचं ठिकाण सावकाश लावा. अंतर तिथूनच मोजलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते. खूण चुकीच्या गल्लीत पडली तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. शाळा दहापर्यंत निवडता येतात, पण अर्ज एकच भरायचा. मामाने एक आणि काकाने दुसरा भरला की दोन्ही बाद होण्याची वेळ येते.

आता पैशाचं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या मुलासाठी 18 वर्षांपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळतात. इथे एकच पालक असलेलं मूलही पात्र ठरू शकतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी बाल कल्याण समितीची, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीची. पुण्यात लोक हमखास दोन चुकीच्या ठिकाणी जातात : जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात आणि राणीच्या बागेतल्या महिला व बाल विकास आयुक्तालयात. आयुक्तालय सगळ्या राज्याचं आहे, तुमचा अर्ज तिथे घेणार नाहीत.

या अर्जासोबत मृत्यूचे दाखले, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, बँक पासबुक आणि घरासमोर मुलासह काढलेला फोटो. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे नव्हे, जिथे मृत्यू झाला तिथे असते. वडील पुण्याच्या ससून रुग्णालयात वारले असतील तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत सापडणार नाही. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कागदांपैकी हे काम सर्वांत आधी हाती घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर थांबतं. दाखल्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तरीही अर्ज परत येतो.

सांभाळायला नात्याचं कुणीच नसेल तर मूल परस्पर एखाद्या आश्रमात नेऊन सोडू नये. 1098 या बालमदत क्रमांकावर कळवावं; मुलाला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं आणि कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. कुणी ‘आमची निवासी शाळा आहे, राहणं-जेवण फुकट’ म्हणत असेल तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालचं नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे.