पार्कूर: नवशिक्यांचा ताकदीचा आणि टेक्निकचा सराव

पार्कूर म्हणजे वाटेत येणारी भिंत, कठडा, पायऱ्या, नाली जे काय असेल ते पळत, उडी मारत, चढत, हातावर भार घेत ओलांडून जायचं, कुठलंही साहित्य न घेता आणि हातपाय न मोडता. शब्द फ्रेंच, सैनिकांच्या अडथळ्यांच्या ट्रॅकला तिकडं जे नाव आहे त्यावरून आलेला. त्या ट्रॅकमागं जॉर्ज एबेर नावाच्या नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धत होती, आणि पॅरिसजवळच्या लिस गावात दाविद बेल आणि त्याच्या सोबतच्या पोरांनी 1990 च्या आसपास त्याला आजचं रूप दिलं. पहिली जागतिक चॅम्पियनशिप 2022 ला टोकियोत झाली.

आता मराठवाड्यात हे कोण करणार असं वाटतं, पण परभणी, नांदेड, बीडकडं पहाटे रस्त्यानं पळणारी भरतीची पोरं बघा. सैन्य भरतीला 1600 मीटर पळणं, बीमवर 10 पुलअप, 9 फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स असतो, म्हणजे पार्कूरचा निम्मा अभ्यास आधीच चालू आहे. राहतं ते उतरणं, आणि नवीन पोरं नेमकी तिथंच मार खातात, कारण उडी किती लांब गेली ते सगळे मोजतात, खाली कसा आला ते कुणी बघत नाही.

उतरताना आधी पंज्याचा पुढचा भाग टेकतो, टाच दाणकन आपटायची नाही, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनंच वाकले पाहिजेत, आत वळले की गुडघा गेलाच म्हणून समजा, आणि काटकोनाच्या खाली बसायचं नाही. बरोबर जमलं का हे कानानं कळतं, आवाज जितका कमी तितकं चांगलं. सुरुवात गुडघ्याएवढ्या उंचीवरून करायची, आणि तिथंच काही महिने थांबायचं, कारण स्नायू लवकर तयार होतात पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे लई हळू घट्ट होतात. पोराला वाटतं आपण तयार झालो, आणि मग घोटा नाहीतर गुडघ्याची वाटी दुखायला लागते.

याला तालमीतली बैठक फार कामाची, कारण देशी बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि भार पंज्यावर येतो, उतरताना तेच लागतं. जोर मारून खांदे आणि छाती तयार होते, चार हातापायांवर चालायला (हे पार्कूरमधे खूप करतात, दिसायला येडपट दिसतं) तीच ताकद लागते. तालमीत कमी पडतं ते ओढणं. दोरीवर चढणारा पोरगा असेल तर ठीक, नाहीतर आधी बारला नुसतं लटकायचं, मग वर उडी मारून सावकाश खाली यायचं, मग पुलअप. भिंतीवर चढताना नुसता पुलअप पुरत नाही, छाती काठावर आली की कोपर वर फिरवून डबल बारवर दाबतो तसं दाबावं लागतं, म्हणून डिप्सपण हवेत.

रोल म्हणजे शाळेतली कोलांटी नव्हे. कोलांटीत मानेवरून सरळ पाठीच्या कण्यावर जातो, इथं एका खांद्यावरून तिरपं विरुद्ध बाजूच्या कमरेवर यायचं, डोकं जमिनीला लागायचंच नाही. शिकायला आखाड्याची तांबडी माती उत्तम, वस्तादांना विचारून.

मग व्हॉल्ट, म्हणजे अडथळ्यावर हात टेकून पलीकडं जाणं. पहिला सेफ्टी व्हॉल्ट: एक हात आणि विरुद्ध पाय काठावर, दुसरा पाय मधून काढायचा. गावातला कमरेएवढा पार याला बेस्ट, फक्त त्यावर देव असेल किंवा म्हातारी माणसं गप्पा मारत बसली असतील तर दुसरा कठडा बघा. दोन्ही हात टेकून मधून पाय काढायचा काँग व्हॉल्ट नंतर, त्यात बूट अडकला की सरळ तोंडावर.

पावसाळ्यात शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर काहीच करायचं नाही, एप्रिल-मेत दुपारी लोखंडी बार हात भाजतो, त्यामुळं सराव सूर्य उगवायच्या आत नाहीतर मावळल्यावर. आणि दौलताबाद, नळदुर्ग, परांड्याच्या तटावर कितीही मोह झाला तरी नको, संरक्षित वास्तू आहेत, शिवाय तिथला निखळलेला दगड पाय ठेवल्यावरच कळतो.