खुराडं केवढं घ्यावं? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

"भाऊ, सध्या लहानच द्या. पिल्लं मोठी झाली का मंग पाहू." आमच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. दोन-अडीच महिने गेले की तेच खुराडं छोट्या हत्तीत घालून परत येतं आणि म्हणतात, वाढवून द्या. तोवर कोंबड्या ओसरीत नाहीतर न्हाणीत कोंडलेल्या असतात. यात तुमचे पैसे दोनदा जातात आणि आमचे दोन दिवस. म्हणून हे पत्रक छापलं आहे.

मुख्य गोष्ट ही की जागा पिल्लांकडे पाहून मोजायची नाही. एक दिवसाचं पिल्लू ओंजळीत मावतं, पन्नास पिल्लं एका खोक्यात घरी येतात, त्यामुळे चार बाय पाचचं खुराडं भलंमोठं वाटतं. पण पहिल्या चार आठवड्यांना पिल्लामागे अर्धा चौरस फूट लागतो, आठव्या आठवड्यापर्यंत एक, आणि पूर्ण वाढलेली कोंबडी चोवीस तास आतच ठेवणार असाल तर दोन. पन्नास पक्ष्यांचा हिशेब 25 वरून 50 आणि 50 वरून 100 चौरस फुटांवर जातो. चार बाय पाच म्हणजे 20. ते पहिल्या महिन्यालाही कमीच पडतं.

आपल्याकडे बहुतेक जण कोंबड्या दिवसभर वाडीत, उकिरड्यावर चरायला सोडतात आणि दिवे लागणीला कोंडतात. त्यांना एवढं मोठं घ्यायची गरज नाही, आणि आम्ही ते गळ्यातही मारत नाही. नुसत्या रात्रीच्या मुक्कामाला आम्ही पक्ष्यामागे सव्वा चौरस फूट धरतो. पन्नासांना सहा बाय दहापेक्षा थोडं जास्त पुरतं. वनराज, गिरिराज अशा भारी जातींना हात थोडा सैल ठेवा. गावरान कोंबडी दीड किलोच्या आत राहते, वनराजचा कोंबडा तीन किलोंच्या वर जातो. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याचं रान उकरतात म्हणून महिनाभर कोंबड्या आतच ठेवाव्या लागणार असतील, तर मात्र तसं आधी सांगा. हिशेब तिथेच बदलतो.

दुसरं म्हणणं असतं, "पन्नासातली पंधरा-वीस तं मरतातच, मंग कायले मोठं घ्यायचं?" हे ऐकून खरंच वाईट वाटतं. त्यातली बरीच पिल्लं दाटीनेच जातात. दाटी झाली की खाली अंथरलेला तूस ओला राहतो, ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते, अमोनियाने डोळे चुरचुरतात. पक्षी एकमेकांच्या शेपटीची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीचे त्याच पक्ष्यावर तुटून पडतात. सकाळी खुराड्यात पिल्लांच्या उंचीला वाकून एक श्वास घ्या. नाकाला झोंबलं तर जागा किंवा हवा कमी आहे.

मोठं खुराडं घेतलं म्हणून लहान पिल्लं त्यात तशीच मोकळी सोडू नका. ती गारठतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून आमच्या प्रत्येक खुराड्यात सरकतं पार्टिशन आणि दीड फूट उंचीचा गोल पत्रा देतो. पहिला आठवडा त्या गोलात 35 अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे पन्नासांना 100 वॅटचा एक बल्ब. तो जुना, तारेचा पिवळा बल्बच पाहिजे. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, चोच उघडून पत्र्याला चिकटली तर बल्ब वर घ्या. ती वाढतील तसा गोल मोठा करा आणि पार्टिशन सरकवा.

आमचं खुराडं बाजारातल्यापेक्षा महाग का, हेही विचारतात. जस्ताचा लेप असलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं की सांध्यावरचा लेप जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. खुराडं वाढवायला कापून पुन्हा जोडलं की असे सांधे दुप्पट होतात. म्हणून आम्ही बाजू वेगवेगळ्या करून सांध्यांना रंग मारतो आणि त्या नटबोल्टने जोडतो. पुढच्या वर्षी पक्षी वाढवले तर चार फुटांचा तुकडा न्या, पाना घेऊन घरीच बसवा. तुकडा आमचाच लागेल, कारण भोकं आमच्या मापाची असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

खालच्या दोन फुटांना आम्ही अर्ध्या इंचाचीच जाळी लावतो. एक इंची स्वस्त पडते, पण तिच्यातून लहान साप आत शिरतो, आणि अंडं गिळलं की फुगलेल्या पोटाने त्याच भोकातून बाहेर पडता येत नाही. सकाळी दार उघडणाऱ्या ताईंचा हात थेट तिथे जातो. असं झालं तर काठी उचलू नका, सर्पमित्राला बोलवा. मुंगूस आणि बाऊल (रानमांजर) यांच्यासाठी खाली सिमेंटचा ओटा किंवा फरशी हवीच.

उन्हाळ्यात आपल्या भागात पारा 45 च्या पुढे जातो, आणि गच्च भरलेल्या खुराड्यात पक्षी आपल्याच उष्णतेने आणखी तापतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन जाळीच्या लांब बाजूंवर येत नाही. छताच्या पत्र्यावर धानाचा पेंढा टाका, जाळीला ओला बारदाना लावा, पण सगळ्या बाजू झाकू नका.

ऑर्डर पिल्लं आणण्याच्या तीन आठवडे आधी द्या. पिल्लांचं खोकं हातात घेऊन आलात तर घाईत जे तयार असेल तेच न्यावं लागतं. येताना एका कागदावर जागेची लांबी-रुंदी, पूर्व कुठली बाजू, जात कुठली आणि कोंबड्या दिवसा बाहेर सोडणार की नाही, एवढं लिहून आणा.