घरगुती आर्केड यंत्राची विद्युतजोडणी (कोकण किनारा)

घरगुती आर्केड यंत्र : उभ्या लाकडी पेटीत पडदा, छोटा संगणक, जॉयस्टिक आणि बटणे बसवून हौसेने घरीच तयार केलेले व्हिडिओ गेमचे यंत्र. त्यात दोन तऱ्हेची वीज नांदते. एक भिंतीवरच्या सॉकेटातून येणारी 230 व्होल्टची, दुसरी खेळणाऱ्याच्या बोटांखालची 5 व्होल्टची. पहिली पेटीच्या तळाशी, झाकणाच्या डब्यातल्या एसएमपीएसपाशी (230 व्होल्टचे 5 व्होल्ट करून देणारा पुरवठा) संपली पाहिजे. बटणांच्या फळीपर्यंत ती पोचता कामा नये.

प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच, म्हणजे दाबला की जोडणी बदलणारा छोटा स्विच, असतो. त्याच्या तीन टोकांपैकी ‘कॉमन’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (एरवी तुटलेले, दाबल्यावर जुळणारे) वापरतात, ‘एनसी’ (एरवी जुळलेले) मोकळे राहते. सगळी कॉमन टोके एकाच काळ्या वायरीत माळेसारखी ओवून एन्कोडर बोर्डाच्या (बटणांची दाब संगणकाला कळवणारी छोटी पाटी) ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला, नेतात. ‘एनओ’पासून प्रत्येकी वेगळी वायर बोर्डावर जाते. माळ मध्येच तुटली तर पुढची सगळी बटणे एकदम मरतात, म्हणून तिचे शेवटचे टोकही ग्राउंडला परत आणलेले बरे. एन्कोडरऐवजी बटणे थेट रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला जोडली, तर त्याच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत हे विसरू नये. 5 व्होल्ट लागले की पिन जाते, कधी अख्खा बोर्डच.

दिव्याच्या बटणांचा हिशेब आधी मांडावा. यूएसबी 2.0 पोर्टातून 500 मिलिअँपिअर मिळतात. प्रत्येकी 20 मिलिअँपिअर धरले तरी 20 बटणे 400 खातात. बोर्डासाठी थोडेच उरतात, म्हणून दिव्यांना स्वतंत्र पुरवठा द्यावा. दिवे बोर्डाकडून चालवायचे असतील तर दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके एकत्र येतात. धन टोके कधीच नाहीत.

कोकणात खरी अडचण अर्थिंगची. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, वर पाणी ओततात. जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असते, पण त्याच्या वरच्या भोकामागे वायरच नसते. अशा सॉकेटावर धातूच्या कवचाचा एसएमपीएस लावला, की आतल्या फिल्टर कपॅसिटरांमुळे कवचावर साधारण 115 व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या पोराला धातूच्या फळीला हात लावताच झिणझिण्या येतात. ‘थोडा करंट मारतंय’ म्हणून हे हसण्यावारी नेतात. खरे तर ती अर्थिंग नसल्याची खूण आहे. फळी आणि एसएमपीएसचे कवच हिरव्या वायरीने अर्थला जोडावे, मेनवर फ्यूज आणि घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पडद्यासाठी जुन्या टीव्हीच्या चित्रनळीच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार उरतो.

पेटीला मरिन (पाण्याला टिकणारे) प्लायवूड घ्यावे. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) स्वस्त पडते, पण पावसाळ्यात कडेने फुगते आणि स्क्रू सैल होतात.

वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करणे पुरत नाही, प्लग उपसून ठेवावा लागतो. वादळात लाइनची न्यूट्रल तुटली तर घरात 230 ऐवजी 300च्याही वर व्होल्ट येऊ शकतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी पुरवठा परत आला तरी व्होल्टेज तपासल्याशिवाय प्लग लावू नये.

खारी हवा मात्र सावकाश काम करते. यंत्र वर्षभर झाकून ठेवलेले, गणपतीला चाकरमानी आले की उघडायचे, आणि नेमके उडीचे बटण दाद देत नाही. मायक्रोस्विचच्या संपर्कांवर काळपट थर आलेला असतो. जास्त प्रवाह असता तर ठिणगीने तो जळला असता. इथे वाहतो जेमतेम मिलिअँपिअर. सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क टिकतात, साधे चांदीचे काळवंडतात. लगजवळची (लग म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेली, स्विचच्या पात्यावर सरकवायची धातूची पकड) तांब्याची तारही हिरवी पडते, म्हणून कलई केलेली तार चांगली. टोकांना शिशाचा डाग न देता सरकवायचे लग पक्के दाबून बसवलेले असले, तर दुरुस्ती दोन मिनिटांची : प्लग काढा, दोन लग उपटा, नवा स्विच बसवा, लग परत सरकवा.