दुखऱ्या धोंडशिरेला काम हवं

पाय मुरगळला, पोटरीत लचक भरली, टाच धरली, की सल्ला ठरलेला असतो: "अजिबात हलवू नका, आराम करा." दोन-तीन आठवडे आराम होतो आणि दुखणं खरंच थांबतं. मग माणूस पुन्हा पळायला जातो आणि चार दिवसांत टाच पुन्हा धरते. बोल लावला जातो बुटांना, नाहीतर वयाला. पण दुखायचं थांबलं म्हणून त्या भागाची ताकद परत आली असं होत नाही. उलट बसून राहिल्याने ती आणखी घटलेली असते. जुन्याच वेगाने पळायला निघालेल्या माणसाला ते कळतही नाही.

फिजिओथेरपीबद्दल लोकांचा आणखी एक पक्का समज आहे: फिजिओ म्हणजे शेक, करंट आणि अल्ट्रासाउंड. यंत्राखाली पडून राहायला सगळे तयार असतात. निघताना सांगितलेला व्यायाम मात्र घरी फारसं कोणी करत नाही. खरं तर औषध असतं ते त्या व्यायामात. तो शरीरात नेमकं काय करतो, हे पाहायला टाचेमागच्या धोंडशिरेइतकं चांगलं उदाहरण नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही कंडरा, म्हणजे इंग्रजीत अकिलीस टेंडन. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

कंडरेची रचना दोरखंडासारखी असते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन बारीक धागे, धाग्यांचे तंतू, तंतूंचे जुडगे. या जुडग्यांच्या मधल्या फटींत कंडरेच्या पेशी रांगेने बसलेल्या असतात. संख्येने थोड्या, पण देखभालीचं सगळं काम त्यांच्याकडे. प्रत्येक पेशीच्या आवरणातून इंटिग्रिन नावाचे रेणू आरपार गेलेले असतात. त्यांचं बाहेरचं टोक कोलॅजेनच्या जाळ्याला धरून असतं आणि आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला. तंतू ताणला गेला की पेशीही ओढली जाते. या ओढीने पेशीत रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते, ती केंद्रकापर्यंत पोचते, काही जनुकं जागी होतात आणि नवं कोलॅजेन तयार व्हायला लागतं. यांत्रिक ताणाचं रसायनात रूपांतर! आणि ताण अजिबातच मिळाला नाही तर? तर त्याच पेशी कोलॅजेन कापणारी विकरं जास्त बनवायला लागतात. संपूर्ण आराम कंडरेला महाग पडतो तो इथे.

इथे एक पेच आहे. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-14 चं (कार्बनच्या किरणोत्सर्गी प्रकाराचं) प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं आणि नंतर हळूहळू उतरलं. हा कार्बन अन्नावाटे शरीरात येतो, त्यामुळे त्या काळात शरीरात जे काही घडलं, त्यात ही नोंद उतरली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली मृत व्यक्तींच्या धोंडशिरांमध्ये ती तपासली. धोंडशिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. मग तिशी-चाळिशीतल्या माणसाने व्यायाम कशासाठी करायचा? कारण गाभा जुना राहिला तरी तंतूंमधल्या आणि भोवतीच्या भागातली घडामोड चालूच असते, आणि भार पेलण्याची क्षमता तिथून वाढवता येते. म्हणूनच रुग्ण बिनदुखत पळायला लागल्यावरही सोनोग्राफीत जुना डाग तसाच दिसू शकतो. तो पाहून घाबरण्याचं कारण नसतं.

वेळापत्रकाचं गणितही याच पेशींचं. दणकून व्यायाम झाला की पहिले 24 ते 36 तास कोलॅजेनची मोडतोड निर्मितीपेक्षा जास्त असते. पारडं त्यानंतर फिरतं. जोरदार सराव रोजच्या रोज केला तर कंडरा कायम तोट्यात राहते. अतिवापराच्या दुखापती बऱ्याचदा अशाच घडतात.

या सगळ्याचा उपचारात उपयोग कसा होतो? स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांची हकीकत सांगितली जाते. त्यांची स्वतःची धोंडशीर दुखत होती, पण ती तुटलेली नसल्याने शस्त्रक्रियेला नकार मिळाला. तेव्हा ती तुटावीच म्हणून त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली आणि दुखणंच गेलं! 1998 साली त्यांनी 15 हौशी धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एकाच पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा असं तीनदा, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढंच, दिवसातून दोन वेळा. रोजचे 180 उतार, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा पळायला लागले. पुढे जड वजन सावकाश उचलण्याचा व्यायामही तितकाच उपयोगी ठरला. म्हणजे जादू 'उतरण्यात' नव्हती, पुरेशा भारात होती.

दुखापत टाळण्यामागेही हेच तत्त्व आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून पुढे सावकाश झुकत जायचं, स्नायू सोडून देईपर्यंत. या 'नॉर्डिक' व्यायामाने मांडीमागचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत जोर लावायला शिकतात, आणि नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये तिथल्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या 1,892 मुलींवर झालेल्या चाचणीत सुमारे 20 मिनिटांच्या ठरावीक वॉर्म-अपने एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या. मुरगळलेल्या घोट्यासाठी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव देतात, तो मात्र मेंदूला सांध्याची नेमकी स्थिती पुन्हा कळावी म्हणून.

या तुलनेत पाठीवर उमटवलेली कपिंगची (कातडीवर पेले लावून ती ओढून धरण्याच्या उपचाराची) लाल वर्तुळं किंवा 'हाड जागेवर बसवलं' म्हणून काढलेला कट्ट आवाज यांत फारसं काही नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात अचानक वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. हाड मुळात हललेलंच नसतं.

हाड मोडलं असेल, कंडरा पूर्ण तुटली असेल, पाय बधिर पडत असेल, तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. एरवी बारीकसारीक दुखण्याला घाबरून व्यायाम सोडू नये. कंडरेच्या दुखण्यात फिजिओ बहुधा एक साधा नियम सांगतात: दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर भार कमी करायचा. पूर्ण बंद करायचा नाही.