सव्वाचार मीटरची गाडी, दीड लिटरचं इंजिन

दसऱ्याच्या तोंडावर भाच्याने जेवणाच्या टेबलावर चार कोटेशनं पसरली. सगळी नागपुरातलीच: दोन वर्धा रोडची, एक कामठी रोडचं, एक अमरावती रोडचं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होते म्हणून एकावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज किट. किटच्या आकड्याभोवती त्याने लाल पेनाने गोल केला होता. एका शोरूमवाल्याने सांगितलं होतं की, मधलं व्हेरियंट हवं तर तीन महिने थांबा आणि टॉप मॉडेल हवं तर परवाच घेऊन जा. त्या वैतागावर बोलून झालं आणि मग त्याचं लक्ष इंजिनांच्या आकड्यांकडे गेलं. ह्युंदाईची क्रेटा 1497 सीसी, होंडाची एलिव्हेट 1498, स्कोडाची कुशाक 1498, मारुती सुझुकीची ग्रँड विटारा 1462. "मामा, एक कोरियाची, दुसरी युरोपची, बाकी दोन जपानच्या. सगळ्यांचं इंजिन दीड लिटरचंच कसं?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते केंद्राच्या अर्थसंकल्पांत आहे.

'एसयूव्ही' हा शब्द येण्याआधी आपल्याकडे फक्त 'जीप' होती. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढची चार दशकं सरकारी खातं, फौज आणि जंगल या तिन्ही ठिकाणी जीपच धावली. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. ताडोब्याला गेलेल्या प्रत्येकाचा तिच्या मागच्या बाकावर वाघासाठी ताटकळत बसलेला फोटो असतोच. 1991ची टाटा सिएरा दिसायला देखणी, पण दोन दारांची. आपल्या कुटुंबात आजी मागे बसते, तेव्हा ती फार चालली नाही. 1994ची सुमो मात्र चालली. तिचं नाव जपानी पैलवानावरून नाही, टाटांच्या सुमंत मूळगावकरांच्या नावातल्या दोन तुकड्यांवरून पडलेलं. विदर्भात तालुक्या-तालुक्यांमध्ये काळी-पिवळी म्हणून तिने किती माणसं वाहिली याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. 1998 मध्ये सफारी आली, 2002 मध्ये स्कॉर्पिओ. सफारी आणि स्कॉर्पिओपासून ही गाडी मानाची झाली. पुढारी, ठेकेदार, मोठा बागायतदार. मध्यमवर्गीय माणूस तिच्याकडे बघायचा आणि सॅन्ट्रो घ्यायचा.

दरम्यान दिल्लीत पहिली रेघ ओढली गेली. 2006च्या अर्थसंकल्पात 'लहान गाडी'ची व्याख्या ठरली. लांबी 4000 मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. या मापात बसणाऱ्या गाडीचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला. त्यानंतर कंपन्यांनी गाड्यांची शेपटं कापली. चांगल्या सेडानची डिकी दाबून चार मीटरच्या आत बसवली, की झाली 'कॉम्पॅक्ट'. ज्यांना कापायचं नव्हतं त्यांच्यासाठी चार मीटरच्या पुढचं मैदान मोकळं राहिलं, आणि 2012च्या जुलैत त्या मैदानात रेनॉची डस्टर उतरली.

डस्टरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आज भाच्यापुढे असलेला हा अख्खा वर्ग तिनेच उघडला. सुमो-स्कॉर्पिओसारखी ती शिडीच्या सांगाड्यावर बांधलेली नव्हती. कारसारखी एकसंध बॉडी, पण तळ जमिनीपासून 205 मिलिमीटर उंच. लांबी 4315 मिलिमीटर. डिझेल इंजिन एकच, 1461 सीसीचं, पण दोन ताकदींत, 85 आणि 110 अश्वशक्ती. सुरुवातीची किंमत 7.19 लाख. गावातल्या गावात फिरणाऱ्याने 85 घ्यावी, घाटरस्ते आणि लांब पल्ला असणाऱ्याने 110. वापर बघून एकाच गाडीचा अवतार निवडायचा, ही सवय आपल्या ग्राहकाला डस्टरने लावली असं माझं मत आहे.

डिझेल का, हेही त्या काळाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. 2010च्या जूनमध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून सुटलं, डिझेल मात्र धरून ठेवलं. 2012च्या मे अखेर दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांच्या पुढे आणि डिझेल 41च्या आत होतं. लिटरमागे 32 रुपयांचा फरक असेल तर कोण शहाणा पेट्रोल गाडी काढेल? 'ॲव्हरेज किती देते?' हा आपला राष्ट्रीय प्रश्न तेव्हा अगदी योग्यच होता.

डस्टर धडाक्यात चालत असतानाच दुसरी रेघ पडली. 28 फेब्रुवारी 2013 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी एसयूव्हीवरचा अबकारी कर 27 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेला. मग एसयूव्ही म्हणजे नेमकं काय? लांबी 4000 मिलिमीटरहून जास्त, इंजिन 1500 सीसीहून मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळाची जमिनीपासूनची उंची, 170 मिलिमीटर किंवा अधिक. तिन्ही अटी लागू झाल्या तरच तो जादा कर. डिझेल डस्टरचं इंजिन 1461 सीसीचं, म्हणून लोकांच्या डोळ्यांना एसयूव्ही असलेली ही गाडी कराच्या वहीत एसयूव्ही नव्हती. 2179 सीसीची महिंद्रा एक्सयूव्ही 500 मात्र अडकली. महिंद्रांनी त्यावर तोड काढली आणि गाडीचा तळच 200 वरून 160 मिलिमीटरवर उतरवला. खड्ड्यांसाठी उंच केलेली गाडी करासाठी बुटकी! पुढे 'उंची रिकाम्या गाडीची मोजायची की भरलेल्या?' हा वाद 2023च्या जुलैपर्यंत रेंगाळला. जीएसटी परिषदेने शेवटी रिकामी गाडी धरली.

2015च्या जुलैत ह्युंदाईची क्रेटा 8.59 लाखांपासून आली. तिच्यात 1.6 लिटरचं पेट्रोल, 1.6चं डिझेल आणि 1.4चं लहान डिझेल अशी इंजिनं होती. म्हणजे तेव्हाही दीड लिटर हा काही देवाने दिलेला आकडा नव्हता. त्याच वर्षी मारुतीने एस-क्रॉस 1.6 लिटर डिझेलसह आणली. तिचं इंजिन चालवणाऱ्यांना फार आवडलं, पण बसकी, लांबट गाडी लोकांना 'एसयूव्ही' वाटेना आणि काही महिन्यांतच किमती उतरवाव्या लागल्या. मग 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. सप्टेंबरात उपकर वाढल्यावर चित्र असं झालं की, चार मीटरहून लांब पण 1500 सीसीच्या आतल्या गाडीवर एकूण 45 टक्के आणि एसयूव्हीच्या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर 50 टक्के. मूळ किंमत 10 लाख धरली तर 1591 सीसी आणि 1497 सीसी यांच्यात 50 हजारांचं अंतर फक्त कराचं. 2020च्या एप्रिलपासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं तेव्हा नाहीतरी सगळ्यांना नवी इंजिनं बसवायचीच होती. नव्या क्रेटाने 1.6 सोडून दीड लिटर घेतलं. किआ सेल्टोस 2019 मध्ये दीड लिटरनेच आली होती. कुशाक 2021, ग्रँड विटारा 2022, एलिव्हेट 2023, सगळ्यांनी तीच रेघ पाळली. भाच्याच्या कागदावरचे चार आकडे असे जुळले.

आता गंमत अशी की 22 सप्टेंबर 2025 पासून ही रेघ बरीचशी पुसली गेली. उपकर गेला, लहान गाडीला 18 टक्के आणि बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40. आता 1497 असो की 2000, कर तेवढाच. पण कारखान्यांतले साचे एका रात्रीत बदलत नाहीत. शिवाय 2006ची चार मीटरची रेघ जशीच्या तशी आहे, आणि ती आता जास्त टोचते. 1199 सीसीची पेट्रोल नेक्सॉन 18 टक्क्यांत बसते. 3995 मिलिमीटरची ब्रेझा लांबीत पास होते, पण 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन तिला 40 टक्क्यांत ढकलतं. क्रेटाची सुरुवातीची किंमत जीएसटी कपातीनंतर पावणेअकरा लाखांच्या आत आली खरी. पण खालच्या वर्गातल्या गाड्या त्याहून जास्त उतरल्या. 'अजून लाख-दीड लाख टाकले की मोठी गाडी येते' हे शोरूममधलं जुनं वाक्य आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. त्यावर आपल्या राज्याचा कर वेगळा. 10 ते 20 लाखांच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलसाठी 12 टक्के आणि डिझेलसाठी 14 टक्के. एमएच-31 असो की एमएच-49, यात सुटका नाही.

व्हेरियंटची शिडी हा तर स्वतंत्र विषय आहे. सुमोच्या काळी खरा प्रश्न एवढाच असायचा की, एसी की विना-एसी. क्रेटा आली तीच सहा पायऱ्या घेऊन, पुढे त्या वाढत गेल्या. मारुतीने नेक्सा या आपल्या शोरूम-साखळीत सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा अशी ग्रीक मुळाक्षरं मांडली; किआची एचटीई, एचटीके, एचटीएक्स ही नावं तर औषधांच्या पट्टीवरची वाटतात. शिडीचं कसब असं की, तुम्हाला हवी असलेली एक वस्तू नेहमी तुमच्या पुढच्या पायरीवर असते. काटोलचे आमचे एक संत्रा बागायतदार सनरूफचं कौतुक ऐकून म्हणाले होते, "आपल्याले कायले पायजे बाप्पा, वरून ऊनच तं येते." 2013च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47 अंशांच्या वर गेला होता. त्यात 27 एप्रिल 2012च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काचांवरची काळी फिल्मही गेलेली. अशा गावात मागच्या सीटला एसीची झडप आणि थंड हवा फेकणारी सीट या चैनीच्या वस्तू नाहीत. पण ती सीट सहसा वरच्याच पायऱ्यांवर मिळते, आणि सोबत तुम्हाला नको असलेलं काचेचं छप्परही घ्यावं लागतं.

एका बाबतीत मात्र खालची पायरी सुधारली. 2020 मध्ये सेल्टोसला आणि 2022 मध्ये क्रेटाला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी 3 तारे मिळाले होते. चाचणीला दोनच एअरबॅगची गाडी होती. त्याच 2022 मध्ये कुशाक आणि तिची फोक्सवॅगनची जुळी बहीण टायगुन यांनी 5 तारे मिळवले. नागपूरचेच खासदार असलेल्या गडकरींच्या खात्याने सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा काढला होता. सक्ती झाली नाही, पण तो धाक आणि हे तारे मिळून काम झालं. सेल्टोसने 2022च्या जुलैत आणि क्रेटाने पुढच्या वर्षी सहा एअरबॅग अगदी बेस मॉडेलपासून दिल्या. बेस मॉडेल घेणं म्हणजे जिवाशी खेळ, हे जुनं मत आता या गाड्यांपुरतं तरी मागे ठेवायला हवं.

वापराचं म्हणाल तर नागपूरकराचा वापर 11 डिसेंबर 2022 रोजी बदलला. त्या दिवशी शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटर समृद्धी महामार्ग खुला झाला. 5 जून 2025 रोजी तो पूर्ण 701 किलोमीटरचा झाला. ताशी 120ची मर्यादा, काँक्रीटचा सरळसोट रस्ता, मे महिन्याचं ऊन. घिसलेल्या टायरच्या गाड्या आरटीओवाले प्रवेशावरच अडवू लागले तेव्हा कुठे लोक व्हेरियंटच्या कागदावर टायरच्या दाबाचा इशारा देणारी सोय आहे का ते बघू लागले. या रस्त्यावर वर्षाला चार-सहा वेळा जाणाऱ्याला क्रूझ कंट्रोल आणि दमदार टर्बो इंजिन कामाचं. धरमपेठ ते मिहान रोज करणाऱ्याला सिग्नलवर इंजिन बंद ठेवणारी हायब्रिड किंवा साधी ऑटोमॅटिक. जंगलात उतरायचं असेल तर यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात, हे ध्यानात ठेवावं. ग्रँड विटारा आणि तिची टोयोटाची जुळी बहीण यांत चारही चाकांचा पर्याय आला, तोही ठरावीक व्हेरियंटमध्ये. सीएनजीचा मोह असेल तर एवढंच आठवा की, 2022 मध्ये नागपुरात तो किलोला 120 रुपयांवर गेला होता, कारण इथे तो टँकरने आणलेल्या एलएनजीपासून, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूपासून, होत होता.

उंचीचं महत्त्व 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे कळलं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, आणि कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या. 170 आणि 205 मिलिमीटरचा वाद त्या पाण्यापुढे पोकळ होता. त्यानंतर आमच्या ओळखीतले लोक विम्यात इंजिन प्रोटेक्शनची ओळ शोधू लागले. सिमेंटचे रस्ते घरांपेक्षा उंच झालेल्या वस्त्यांत तर ती ओळ सनरूफच्या आधी बघावी.

कोटेशनं पेट्रोलची असली तरी भाच्याला शेवटी डिझेल खुणावत होतं, म्हणून अडकित्ता उचलून कागदाच्या मागे हिशेब केला. पेट्रोल 104, शहर आणि हायवे मिळून 13चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला 8 रुपये. डिझेल 90 आणि 17चं ॲव्हरेज, म्हणजे 5 रुपये 30 पैसे. फरक 2 रुपये 70 पैसे. गाडीच्या किमतीतला आणि आरटीओतला फरक मिळून 1 लाख 60 हजार धरला तर तो भरून यायला सुमारे 59 हजार किलोमीटर. त्याचं रनिंग वर्षाला नऊ हजार. शिवाय बीएस-6 डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, ती रोजच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत तुंबते आणि मग साफ करायला गाडी हायवेवर पळवावी लागते. त्याने कॅल्क्युलेटरवर 59 भागिले 9 केलं, डिझेलच्या हिशेबाचा कागद घडी करून बरणीखाली सरकवला आणि पेट्रोलच्या मधल्या व्हेरियंटसाठी तीन महिने थांबायला तयार झाला. ॲक्सेसरीज किट काढून टाकायला सांगायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा अमरावती रोडला गेला.