परीघ सातवीत, क्षेत्रफळ आठवीत: या विभागणीची पार्श्वभूमी

राज्याच्या अभ्यासक्रमात वर्तुळाचा परीघ सातवीत आहे आणि क्षेत्रफळ आठवीत. सातवीचे पुस्तक 2017 साली बदलले, आठवीचे 2018 साली. त्या वेळी केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सातवीच्या पुस्तकात मात्र दोन्ही सूत्रे एकाच प्रकरणात होती. कोल्हापुरात दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत. त्यामुळे तेव्हा एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एकाला क्षेत्रफळाचे सूत्र πr² येई आणि दुसऱ्याला वर्षभर थांबावे लागे.

जुन्या गणितात ही फारकत नव्हती. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त नियम असा आहे की परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की क्षेत्रफळ मिळते. परीघ हाती आला की क्षेत्रफळ एका पायरीवर. त्याच ग्रंथात परीघ आणि व्यास यांचे, म्हणजे π चे, 3927/1250 हे सूक्ष्म गुणोत्तर दिले आहे आणि 22/7 हे स्थूल, व्यवहारापुरते. त्याआधी आर्यभटाच्या 499 सालच्या श्लोकातही 62832 भागिले 20000 हे गुणोत्तर देताना 'आसन्न', म्हणजे जवळपासचे, असे स्पष्ट म्हटले आहे. ही सावधगिरी पुढे शाळेच्या फळ्यावर टिकली नाही.

करवीर (कोल्हापूर) संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. परिघाचा हिशोब गावात त्याआधीपासून होताच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे गोल पट्टी, चढवायची तर लोहार चाकाचा घेर मोजून घेई आणि धाव त्याहून किंचित आखूड ठेवी. ती जाळात लाल झाली की फुगते, चाकावर बसते, आणि पाणी ओतताच आवळून घट्ट होते. माप थोडे जरी चुकले तरी धाव सैल राहते नाहीतर चढतच नाही. हे गणित हाताने करणाऱ्यांची मुले शाळेत परीघ शिकत होती, पण धावेचे उदाहरण पुस्तकात क्वचितच दिसले.

वजन-मापांच्या 1956 च्या कायद्यानंतर फूट-इंच जाऊन मीटर-सेंटिमीटर आले. अपूर्णांकांच्या काळात 22/7 सोयीचे होते, दशांशात 3.14. दोन्ही किमती पुस्तकात राहिल्या आणि 22/7 चे वजन कमी झाले नाही. कारण साधे आहे. त्रिज्या 7, 14, 21 घेतली की छेद उडून जातो आणि उत्तर पूर्णांकात येते.

वाद खरा आहे तो विभागणीचा. तिच्या बाजूने सांगितले जाते ते असे: परीघ दोऱ्याने मोजता येतो. बांगडी, डब्याचे झाकण, नाणे घेऊन प्रत्येकाचा परीघ भागिले व्यास काढला की दर वेळी तीनहून थोडे जास्त येते, आणि बारा वर्षांच्या मुलाला हे पटते. क्षेत्रफळ असे मोजता येत नाही, शिवाय दोन सूत्रे एकदम दिली की 2πr आणि πr² यांची सरमिसळ होते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण आठवीच्या पुस्तकातली कृती पाहा. वर्तुळाचे समान भाग कापून उलटसुलट जोडले की जवळपास आयत तयार होतो. त्याची रुंदी त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी, म्हणजे πr. सगळी मदार परिघावर, आणि तो शिकून वर्ष उलटलेले. सातवीत वर्तुळ अकराव्या प्रकरणात आहे आणि आठवीत क्षेत्रफळ पंधराव्या. दोन्ही दुसऱ्या सत्रात. मधल्या काळात दोऱ्याची कृती विसरली जाते, सूत्र तेवढे उरते. शिक्षकाला आधी सातवी उजळावी लागते, आणि त्यासाठी तासिका वेगळी मिळत नाही. दोन्ही गोष्टी एका वर्षात, महिन्याभराच्या अंतराने घेतल्या असत्या तर सरमिसळही टळली असती आणि धागाही तुटला नसता.

यात शिष्यवृत्ती परीक्षेची भर पडली. चौथी आणि सातवीची परीक्षा 2017 पासून काही वर्षे पाचवी आणि आठवीला होत होती, आणि या परीक्षेचे कोल्हापूर जिल्ह्यात मोठे वेड आहे. त्या वर्षांत आठवीच्या तयारीवर्गांत πr² पुस्तकातल्या पानाच्या कितीतरी आधी येई, तेही कात्री-कागदाशिवाय. त्रिज्या 7 तर 154, 14 तर 616, 21 तर 1386, अशी पाठांतराची यादीच असे. या किमती 22/7 धरल्यावरच्या आहेत. 7 सेंमी त्रिज्येचे क्षेत्रफळ 153.94 चौ. सेंमीच्या आसपास असते, हे त्या यादीत नसे. आठवीच्या पहिल्याच प्रकरणात अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात नेमक्या न मांडता येणाऱ्या, संख्या शिकवल्या जातात आणि π ही त्यांतलीच, तरीही π म्हणजे 22/7 ही समजूत पक्की राहते. मग प्रश्नात त्रिज्या 10 सेंमी आणि π = 3.14 दिले, म्हणजे उत्तर नुसते 314 चौ. सेंमी, तरी पुष्कळ मुले आधी 22/7 मांडतात आणि 2200/7 वर येऊन अडतात.