भारतीय अवकाश संशोधनातील स्त्रिया

उपग्रह व त्यांवरील उपकरणे घडवणे, प्रक्षेपण आणि यानांचे जमिनीवरून संचालन या कामांतील स्त्री-शास्त्रज्ञ व अभियंत्यांचा सहभाग. या सहभागाची ओळख बहुतेकांना एका छायाचित्रातून झाली. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले आणि बंगळुरूच्या केंद्रात रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत फुले माळलेल्या बायकांचा जल्लोष जगाने पाहिला. त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या, असे इस्रोने नंतर सांगितले; मोहिमेवरच्या स्त्री-शास्त्रज्ञ नियंत्रण कक्षात होत्या.

त्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. मंगळाहून संदेश पृथ्वीवर यायला त्या दिवशी 12 मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. वेग कमी करण्यासाठी इंजिन सुमारे 24 मिनिटे चालायचे होते आणि मधेच यान मंगळाआड जाणार होते. काही बिनसले, तर इथून आज्ञा पोहोचेपर्यंत उशीर झालेला असता. म्हणून बिघाड यानानेच ओळखावा, यानानेच सावरावा, अशी तजवीज आधीच करून ठेवावी लागली. ही स्वयंनिर्णयाची प्रणाली उभारण्याची जबाबदारी ऋतू करिधाल यांच्याकडे होती. जवळजवळ 300 दिवस बंद असलेले मुख्य इंजिन दोन दिवस आधी जेमतेम 4 सेकंद चालवून पाहिले होते. मोहिमेची आखणी व संचालन यांत नंदिनी हरिनाथ होत्या. मिथेन शोधणाऱ्या उपकरणाचे काम अहमदाबादला मौमिता दत्ता यांनी सांभाळले.

या कामाची सुरुवात मात्र फार जुनी आहे. थुंबा येथील अग्निबाण केंद्रात 1963 मध्ये हवामान वेधशाळा उभारली ती हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांनी. 1948 पासून पुण्याच्या हवामान खात्यात राहून त्यांनी सुमारे 100 उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे ती देशातच बनवता यावीत. पदव्युत्तर पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली होती. हा अन्याय त्यांच्या कामाइतकाच लक्षात ठेवायला हवा.

नेतृत्व हाती यायला वेळ लागला. टी. के. अनुराधा 1982 मध्ये इस्रोत आल्या. जीसॅट-12 या दळणवळण उपग्रहाच्या प्रकल्प संचालक म्हणून त्यांचा उपग्रह 2011 मध्ये उडाला. रडारने पृथ्वीची निरीक्षणे घेणारा रिसॅट-1 (2012) एन. वलरमती यांच्याकडे होता. चांद्रयान-2 (2019) मध्ये प्रकल्प संचालक मुथय्या वनिता आणि मोहीम संचालक करिधाल, अशी दोन्ही मोठी पदे स्त्रियांकडे होती. चांद्रयान-3 च्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती होत्या. निगार शाजी प्रकल्प संचालक असलेल्या आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली सूर्यदुर्बीण आहे.

इस्रोच्या अध्यक्षपदी अजून एकही स्त्री आलेली नाही. माणसाला अवकाशात नेणाऱ्या गगनयान मोहिमेसाठी 2024 मध्ये जाहीर झालेले चारही अंतराळवीर पुरुष आहेत. ते हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून निवडले गेले, आणि त्या दलात पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ वैमानिक झाल्या त्या 2016 मध्ये.